हापशीचा दांडा

गावात हापशी आली त्या उन्हाळ्यात
मी आठ वर्षांचा, अन्साबाई चौदाची.
मी दांड्याला लोंबकळायचो, पाय अधांतरी,
ती हसायची: वजन वाढव लेका, पानी येत नाई.

एका दुपारी चुंबळ उचलायला ती वाकली
आणि मी हात सोडले.
दांडा तिच्या कानशिलावर.
फार नाही. रक्तसुद्धा आलं नाही.
मटकन बसली. घागर गडगडत निंबापर्यंत गेली.

"आज कोन्ता वार हाय रे?"
सोमवार, म्हणालो.
पुन्हा तेच विचारलं. पुन्हा.
मी दर वेळी सोमवार म्हणालो,
वार बरोबर सांगितला की ती बरी होणार, असं काहीसं वाटून.

मग उठली. हळद-चुना लावला.
"मायले सांगू नोको. मी घसरली म्हनजो."
दोन दिवस तिला ऊन सोसेना, फोडणीचा वास सोसेना.
तिसऱ्या दिवशी पऱ्हाट्या उपटायला गेली,
विषय संपला.

पन्नास वर्षं संपलेला होता.

यंदा तिनं वरणात दोनदा मीठ टाकलं. ते सोडा, कोणीही टाकतं.
पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहून
पोरांना विचारत होती, माझं घर कोन्तं?

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं.
तिनं गोल काढला,
आकडे सगळे एकाच बाजूला दाटीनं बसवले,
लग्नाच्या पंगतीत माणसं सावली धरून बसतात तसे.

डोक्याला कधी मार लागला होता?
दिवाकर म्हणाला, नाही. तिचा मुलगा. त्याला काय माहीत.
मी विचारलं, लहानपणी, थोडासाच लागला असेल तर?
थोड्यानंही पुढे धोका वाढू शकतो, त्या म्हणाल्या,
पण त्यानंच झालं असं नाही सांगता येत. वय आहे, बीपी आहे.
नाही सांगता येत.
हे मी एस्टीच्या तिकिटासोबत खिशात ठेवलं.

तरी तोंड उघडलंच होतं मी.
तेवढ्यात अन्साबाई, जिला सकाळचा चहा आठवत नव्हता,
त्यांच्याकडे वळून म्हणाली,
"मी घसरली होती. हापशीवर.
कोनाचा हात नाई त्याच्यात."

परतताना तिला खिडकीजवळ बसवलं.
पुलगावच्या पुढे तिनं माझी बाही ओढली.
"आज कोन्ता वार हाय रे?"

गुरुवार होता.
सोमवार, म्हणालो मी.