आणि साथीदार

कॅसेटच्या कव्हरवर गायिकेचा फोटो,
खाली बारीक अक्षरात : आणि साथीदार.
त्यातला एक यादगिरी चिट्याल,
राहणार दत्तनगर, भिंतीपलीकडे बारा माग.

बी साइड लाव. दुसरं गाणं.
बाईकडं लक्ष देऊ नको बे,
डाव्या स्पीकरला कान लाव :
चक्, चकचक्, मग काहीच नाही.
ते काहीच नाही, तेपण तोच वाजवतोय.

शिकला कुठं? एका अमेरिकन तबकडीवरून,
रेल्वे कॉलनीतल्या गार्डनं बदली होताना दिलेली,
लेबल खरवडलेलं. बाकीचं धोट्याकडून.
"धोटा परत यायच्या आत वाजवायचं," म्हणायचा,
"घाई केली की धागा तुटतो, उशीर केला तरी तुटतो."

गड्ड्यावर लोक पाळण्यात बसून ओरडत होते,
नाव कुणी विचारलं नाही.
मी स्टेजखाली, वायरी धरून,
पाय माझे माझं ऐकत नव्हते.

परवा गेल्तो. बोटं वाकलीत.
गिटार पलंगाखाली, चादरीत गुंडाळून.
चहा आला तेवढ्यात लाइट गेली,
गल्लीतले माग एकदम गप्प.
त्याचा अंगठा बशीच्या काठावर
चालूच.