ञ ची नेमणूक

ञ ला आमच्या शाळेत काम नव्हतं.
च चमच्याचा, छ छत्रीचा, ज जहाजाचा,
झ झबल्याचा,
आणि पाचव्या चौकोनात नुसतंच अक्षर, चित्र नाही.
गुरुजींची छडी तिथं थांबायची नाही.
आम्हीच ओरडायचो : ञ कुणाचाच न्हाई!

पुढं लातूरला दोन वर्षं नीटचा अभ्यास केला.
बेडकाच्या हृदयाला किती कप्पे, आजही झोपेत सांगेन.
दोनदा मार्क कमी पडले.
आणि मग बी.ए. स्पॅनिश.
हे कसं झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही.
लोक एका वाक्यात विचारतात.

संभाजीनगर, विद्यापीठ, वरच्या मजल्यावरची खोली.
आम्ही पाच जण
आणि तीनच्या पुढं न जाणारा पंखा.
पहिल्या तासाला बोधनकर मॅडमनी फळ्यावर एन काढला,
त्याच्या डोक्यावर एक आडवी लाट.
"जिभेचं पोट टाळूला लावा," म्हणाल्या, "नाकातून येऊ द्या."
लावलं. आला.
सेञोरा. निञो. माञाना.
अरे, हा तर तो,
उदगीरच्या तक्त्यावरचा बिनकामाचा!
इतकी वर्षं कुठं होतास रे बाबा,
कुणाकुणाच्या तोंडात नोकरी करत होतास?

इंग्रजीत मला काही आवडलं
की आधी 'मी' उभा राहायचा, छाती पुढं काढून.
इथं तसं नाही. मे गुस्ता. मला आवडतं.
आवडलेली गोष्ट कर्ता,
मी आपला चतुर्थीत,
दाराशी चपला काढून उभा असल्यासारखा.
जन्मापासून बोलतो ते वाक्य,
त्याला आत्ता कुठं मार्क मिळाले.

'ओखाला'च्या दिवशी नुझहतनं पेन खाली ठेवलं.
तसं होवो, असा अर्थ, मॅडम सांगत होत्या.
"यात शेवटी अल्ला आहे ना मॅडम?"
होता. अरबीतून आलेला,
कंधारला तिची नानी रोज फोन ठेवताना
ज्याच्यावर सगळं सोपवते, तोच.
दिवसभर ती तेवढा एक शब्द म्हणत राहिली,
जिन्यात,
मेसच्या रांगेत, पोळ्या संपू नयेत म्हणून.

घरून फोन.
"काय करलालास?"
"अभ्यास करलालो."
या 'करलालो'पायी शाळेत पट्टी खाल्ली मी,
'करत आहे' म्हण, 'करत आहे'.
स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन :
एक असण्याचं, एक आत्ता चाललेल्याचं.
मॅडमनी मराठीतलं उदाहरण मागितलं.
माझ्या तोंडून गेलंच, करलालो.
म्हणाल्या, परत म्हण.
मी हात मागं घेतला.
त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

"त्याला पगार किती?"
हे बाबा विचारतात, मामा विचारतो,
आणि खोलीतला परमेश्वर,
जो तिसऱ्यांदा तलाठी होण्याच्या तयारीत आहे.
पागार. आहे की हा शब्द आमच्या पुस्तकात.
आपल्याकडं पोर्तुगीज जहाजातून उतरला,
स्पॅनिशचा चुलतभाऊ.
तिकडं क्रियापद आहे, अर्थ : पैसे देणं.
इकडं पोचेपर्यंत घेण्याचा झाला.
परमेश्वरला सगळं नीट समजावलं.
"ते खरं," तो म्हणाला, "पण किती?"

दिवाळीत दुकानात बसलो होतो.
बाबा एका जळालेल्या मोटारीचं पोट उघडून
काळी वेटोळी उपसून झाल्यावर
नवी तार भरत होते, एकेक फेरा ओठांत मोजत.
मान वर न करता म्हणाले,
"ही भाषा बोलतेत कुठं?"
मी तारेचं रीळ उचललं.
म्हटलं, चिली म्हणून देश आहे,
समुद्र आणि डोंगराच्या मधात, सुतळीसारखा लांब.
लई तांबं निघतं तिथं. ते हिला कोब्रे म्हणतात.
बाबांचा हात थांबला. फेरा चुकला असावा.
"तिथं मोटारी जळतेत का?"
"जळत असतील."
"मंग शीक," म्हणाले,
आणि पुन्हा एकपासून मोजू लागले.