एकोणतिसावी पायरी

होडावडेकर नोकरी सोडून गेले तेव्हा
मागे सत्तेचाळीस पायऱ्या ठेवून गेले.
तीन मशिनं, तिन्हींवर कंटेनर,
आणि एकावरच्याने दुसऱ्यावरच्याशी बोलायचं,
भिंतीपलीकडे हाक मारावी तसं.
एवढ्यासाठी सत्तेचाळीस.

खिडकीतून सोहारचं बंदर दिसतं.
तिथले कंटेनर लोखंडाचे, लाल, निळे, कडेला गंजलेले.
क्रेन उचलते, क्रेन ठेवते.
त्यांना एकमेकांशी बोलायचं नसतं.
सुखी आहेत.

बाहेर शेहेचाळीस अंश, सर्व्हर रूममध्ये सतरा.
शाल गुंडाळून मी खोडायला बसले.
सहा ते अकरा: जुन्या मशीनसाठी. ते भंगारात गेलं.
चौदा: ‘पासवर्ड खमीसला विचारा.’
खमीसची सलालाला बदली झाली, त्यालाही दोन वर्षं होतील.
वीस: ‘बाकी नेहमीप्रमाणे.’
इथे अडले.
कुणाच्या नेहमीप्रमाणे?
होडावडेकरांचं नेहमी त्यांच्याबरोबरच गेलं,
वेंगुर्ल्याला.

बद्रिया नवीन आहे, सहमहून येते.
लिहिलेलं करते, न लिहिलेलं करत नाही.
याहून कडक वाचक मला मिळायचा नाही.
‘पाकिटाचं माप चौदाशे पन्नास ठेवा’ वाचून म्हणाली,
पंधराशे का नाही?
म्हटलं, विमानात तीस किलो देतात ना,
त्यात बॅगेचंही वजन धरतात.
इथे या मशीनवरून त्या मशीनवर जाताना
प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवतात.
वरच्या पाकिटाचे पन्नास.
तिला पटलं. म्हणाली, माझ्या आत्याची बॅग
रिकामीच सहा किलोची आहे.
आत्यासकट ते पायरीत घातलं.

रात्री दीडला नऊ पायऱ्या उरल्या.
शेवटी खोडली ती एकोणतिसावी:
‘दोन मिनिटं थांबा. चहा घ्या.’
खोडताना हसू आलं.

सकाळी बद्रियाने नऊच्या नऊ केल्या.
पहिलं दुसऱ्याला ओळखेना,
तिसरं दोघांनाही.
पोर्ट उघडे, टोकन बरोबर,
पत्त्यांवर पत्ते चढलेले नाहीत.
सगळं पाडलं, पुन्हा पहिल्यापासून.
पुन्हा पाडलं.
चौथ्यांदा मांडलं तेव्हा वैतागून
काहीच न बघता खाली गेलो, गेटजवळ कराक प्यायला.
वर आलो तर तिघं बोलत होती.

नवं मशीन आल्याची बातमी
बाकीच्यांना कानोकानीच कळते,
आणि आम्ही दर वेळी
ती पोचायच्या आत घर पाडत होतो.

आता पायऱ्या दहा आहेत.
सातवी: ‘दोन मिनिटं थांबा.’
खाली बारीक अक्षरात कारण.
बद्रियाने त्याखाली ‘कराक’ लिहिलंय, अरबीत.

होडावडेकरांना निरोप धाडला:
चहा लिहिलात, मग कारण का नाही लिहिलंत?

दुपारी उत्तर आलं.
‘कारण मला अजून माहीत नाही, बाई.
मी चहाला गेलो होतो.’