चाहूल

नारिनच्या वरच्या कुरणात, दगडी आडोशाला
बुरुलचा खांद्यापर्यंत हातमोजा चढवते.
पडद्यावर करडं धुकं. धुक्यात काळा ठिपका,
वाटाण्याहून मोठा, द्राक्षाएवढा असेल-नसेल.

"काल डावीकडे होता," तोक्तोबाय म्हणतो.
काल डावीकडेच होता.
आज उजव्या शिंगाच्या टोकाशी.

रुजत नाही अजून. फिरतो.
या भिंतीला खांदा लावतो, त्या भिंतीला,
परक्या घरात रात्री
दिव्याचं बटण चाचपावं तसा.
बराचसा भाग तसाच राहिला
तर अस्तर समजेल, कुणी आलंच नाही,
आणि आवरायला घेईल
सवयीने,
निजण्याआधी चूल विझवतात तसं.

तो नेमकं काय सांगतो?
बुरुलचाने बिश्केकला शिकताना विचारलं होतं.
मास्तर म्हणाले, मेंढीचा शब्द सापडलाय, गायीचाही.
घोडीचा अजून नाही.

"मग? राहिलं म्हणायचं?"

ती कपड्याने यंत्र पुसत राहते.
तीन वर्षांपूर्वी तिच्याकडेही कुणी आलं होतं,
नऊ दिवस.
माणसाचा गर्भ असा हिंडत नाही, पुस्तकात लिहिलंय.
तरी तिला वाटतं,
एकाच भिंतीपाशी उभं राहिलं असेल ते,
बुजरं, तिच्यावर गेलेलं.

"परवा पुन्हा बघू," ती म्हणते.

तोक्तोबाय दोर सोडतो.
घोडी चरायला लागते,
कान मात्र
मागे वळलेले.