गेरिनोची वही

गाडी दोन हजार युरोंना, वही फुकट.
"वही आधी वाच," गेरिनो म्हणाला,
"गाडी कुठं पळून जात नाही.
थंडीत सकाळी तर मुळीच नाही."

पालुत्साच्या लाकूडगिरणीत
एकतीस वर्षं करवतींना धार लावली त्यानं.
उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
उरलेल्या तिघांनी लिहिलेलं अक्षर
गाडीसारखंच, उजवीकडे झुकतं.

कारण ती झुकते.
उभ्या उभ्या मूठ पिळली
की उजव्या खांद्यानं ढुशी देते,
जणू म्हणते, सरक, जागा कर.
दोन्ही सिलिंडरं अंगाबाहेर काढलेली,
बाजारात कोपरं मारत वाट काढणाऱ्या बाईसारखी.
जानेवारीत गुडघे शेकते,
जुलैत तेच गुडघे भाजते.
वहीत यावर एवढंच: *तक्रार करू नये.*

पान तीन. *न्यूट्रलचा हिरवा दिवा खोटं बोलतो.
पायाला विचार.*
पान पाच. *स्टँड स्वतःच मिटतो. ती उभी आहे
असं समजून पाठ फिरवलीस तर आडवी होईल.
माझी चारदा झाली. चौथ्यांदा मी पण.*
पान सहावर नुसता कॉफीचा डाग
आणि त्याभोवती पेन्सिलीनं काढलेली पिस्टनची रिंग.

दुग्धशाळेतली रात्रपाळी संपली
की हातांना विरजणाचा वास असतो.
तोच हातमोज्यात घालून निघते मी
साडेपाचला, दव पडलेल्या रस्त्यानं.
गियर पडतो तो गोठ्याची कडी पडल्यासारखा, खट्.
मग धडधड सुरू होते, घाई नसलेली;
दोन म्हातारे एकाच गोष्टीवर भांडावेत
आणि दोघांनाही ठाऊक असावं
की रात्रीचं जेवण एकत्रच आहे.

वालकाल्दाच्या चढावर, सातव्या वळणाला,
ऑगस्टच्या भर दुपारी, ती गप्प झाली.
ना धूर, ना आचका. बोलता बोलता
एखाद्याचं लक्ष उडावं तशी.

पान नऊ. *बंद पडली तर सफरचंद खा.
पूर्ण. बियांपर्यंत.*

सफरचंद कुठलं?
पिशवीत होती चीजची एक वाळकी कड.
ती चावली, गिळली, बटण दाबलं.
नाही.
देवाचं नाव घेतलं, मग बापाचं,
मग जे घेऊ नये ते.
नाही.
पाववाला एलिजो व्हॅन थांबवून म्हणाला,
"निवेस, ढकलू का?" "काय ढकलतोस,
अडीचशे किलोची आहे, आणि चढ आहे."
तो खाली उतरला, कठड्यावर बसला,
बहिणीच्या लग्नातलं भांडण सांगत राहिला
अगदी सुरुवातीपासून, अंगठी कुणाची इथपासून.
ते भांडण मिटायच्या आत
मी सहज बटण दाबलं. धडधड.

रात्री गेरिनोला फोन केला.
"कड खायला किती वेळ लागला?"
"चार मिनिटं."
"सफरचंदाला अकरा लागतात. माझ्या दातांनी.
तेवढ्यात कॉइल गार होते."
"मग हे सरळ लिहायला काय झालं होतं?"
पलीकडे कपात चमचा फिरला.
"लिहिलं असतं तर
तू घड्याळाकडे बघत बसली असतीस."

कॉइल मी नवी आणली. तिच्या खोक्यात ती
अजून तशीच आहे, फडताळात, मिठाच्या बरणीमागं.
रविवारी बसवीन म्हणते.
कितीतरी रविवार झाले.

आणि वहीत, पान नऊच्या तळाशी,
त्याच्या झुकत्या अक्षराखाली
माझं सरळ, शाळकरी अक्षर,
पुढं ही गाडी जो कोणी घेईल त्याच्यासाठी:
*दोन सफरचंदं ने.
बहुतेक वेळा कुणीतरी थांबतं.*