म्हैस भादरताना

एका फ्रेमला सत्तेचाळीस मिनिटं.
फ्रेम्स दोनशे चाळीस.
जमीरनं चहाच्या बिलामागं गुणाकार मांडला:
आठ दिवसांना चार तास कमी.
दूध संघाची माणसं सोमवारी येणार,
आज गुरुवार, रात्रीचे साडेअकरा,
उद्यमनगरात आमच्या खालचं लेथ मशीन
आत्ता कुठं गप्प झालेलं.

पडद्यावर म्हैस.
अंगावर चौदा लाख केस,
प्रत्येक केसाला स्वतःची सावली,
आणि मशीन एकेका केसापाशी थांबून विचारतंय
उजेड कुठून आला, कुठं गेला.
मी बघत बसले होते.
वरच्या कोपऱ्यातून एकेक चौकोन उजळत येतो,
शिंग,
मग बराच वेळ शिंगच.

चूक कुठंय ते मला ठाऊक होतं,
म्हणजे ठाऊक नव्हतं, नुसतं खुपत होतं.
चालताना ती म्हैस वाटत नव्हती.
आणि एवढं कळायला आठ दिवस?

वडणग्याच्या गुऱ्हाळात तातोबामामा गुळव्या होते.
काहिलीत रस खदखदत असताना
सगळा वाफ्यात ओतून त्यांनी कधी बघितला नाही.
चार थेंब गार पाण्यात सोडायचे,
बोटांत वळायचे,
गोळी परातीवर आपटून कान द्यायचा.
"वाजली न्हाई. जाळ घाल अजून."

मी म्हैस भादरली.
एका क्लिकसरशी चौदा लाख केस गेले.
सावल्या बंद. गोठ्याच्या कौलांवरचं शेवाळ बंद.
बादलीतल्या दुधावरचा फेस,
ज्याच्यासाठी जमीर तीन रात्री जागला होता,
तोही.
त्यानं तोंड फिरवलं, बोलला काही नाही.
मागच्या चिंचेच्या जागी एक खोका उभा केला.
चित्र निम्म्या मापाचं, मग पाव.
उजेडाचे नमुने पाचशे बारा होते, सोळा ठेवले.
चारांतली एक फ्रेम घे, मधल्या सोड.
आणि मागच्या पायांभोवती चौकट आखली,
बाकीचं जग राहू दे काळं.

साठ फ्रेम्स, नऊ मिनिटं.
थर्मासमधला शेवटचा चहा संपेतो झालं.
राखाडी, टकली, शाडूची वाटावी अशी ती
दाणेदार उजेडात अडखळत चालली,
आणि लगेच दिसलं:
डावा खूर टेकल्यावर बोटभर घसरतोय.
अंगात वजनच नाही तिच्या.
इतके दिवस केसांच्या झळाळीखाली झाकलेलं.

खूर रोवला. नऊ मिनिटं.
आता खुबा लाकडी. नऊ मिनिटं.
शेपूट पायाआधी हलतं. नऊ मिनिटं.
साडेतीनला जमीर म्हणाला,
"एवढी टकली म्हैस मी जन्मात बघितली न्हाई,"
आणि खुर्चीतच झोपला.

पहाटे गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
हातात फेसाळता पेला तसाच,
मी एका म्हशीच्या मागं उभी.
तिनं भार बदलला.
आधी खुबा खाली बसला, मग पाय सुटला.
आधी खुबा.
"काय बघताय ताई?" धारा काढणारा म्हणाला,
"दूध सडातनं येतंय, खुरातनं न्हवं."

केस परत दिले तिला, सगळे नाही.
कॅमेऱ्याकडं पाठ असलेल्या अंगाला
कशाला लाखांनी?
फेस मात्र पुरता दिला, जमीरसमोर.
अकरा मिनिटं फ्रेमला,
दोन मशीन, बावीस तास,
शनिवारी संध्याकाळी दोन्ही पंखे लावून
खोलीला कुलूप घातलं.

संघाची माणसं फेसावर खूश झाली.

पुढच्या आठवड्यात वडणग्याला गेले
तेव्हा मामांना ती जाहिरात दाखवली.
"बरी हाय," म्हणाले, डोळे मिचकावत, मोबाइल लांब धरून.
मग बोट चुकून सरकलं,
आणि टकली आली,
सत्ताविसावी खेप, राखाडी, बिनझाडाची.
मामांनी ती दोनदा बघितली.
मोबाइल जवळ घेतला.
"मागनं जड चालती," म्हणाले,
"गाभण हाय व्हय?"