तीन मिनिटं

सभागृहातला हीटर आज पुन्हा खोकतोय.
मी नगर परिषदेची कारकून, आर्डिथ नुसबाउम.
कोण उठलं, काय बोललं, एवढं टिपायचं,
आणि तीन मिनिटांनी लाल दिवा लागला
की हात वर करायचा.

विषय सहावा: रस्त्यावरच्या बर्फासाठी मीठ.
त्याला कुणीच आलं नव्हतं.
विषय सातवा: दुकानांतून कुत्री, मांजरं, ससे विकण्यास मनाई.
याला खुर्च्या कमी पडल्या,
अग्निशमन दलाकडून उसन्या आणाव्या लागल्या.

पहिला वेंडेल ह्रुष्का.
एकतीस वर्षांचं दुकान. टोपी हातात,
तिच्या काठालाच काही विचारत असल्यासारखा बोलतो:
"प्रत्येक पिल्लाचे कागद आहेत माझ्याकडे.
आणि दूध विकणाऱ्यानं गाय पाहिलेली असते का?"
मागून कुणीतरी हसलं.
मग त्याच्याच लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
दिव्याच्या आधी.

मग निवाऱ्यातली मॅरिबेल क्विंटेरो.
पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो: पिंजऱ्यांवर पिंजरे, तळाला जाळी.
आठ वेळा व्यालेली एक बीगल.
"गवतावर सोडली तिला,
तर एकेक पाय उचलून ठेवत होती,
जमीन भाजत असल्यासारखी."
सभागृह गप्प.
हीटरसुद्धा.

सत्तर मैलांवरून आलेला एनोस यॉस्ट.
त्याच्या शेडमध्ये चाळीस माद्या; आकडा त्यानंच सांगितला, न विचारता.
"दुकान बंद करा, खुशाल करा.
गिऱ्हाईक मला फोन करेल.
पिल्लू हातात पडेल पेट्रोल पंपामागे, गाडीच्या डिकीतून.
तिथं असला दिवा लावणार आहे कोण?"
याचं उत्तर कुणापाशी नव्हतं.
मी लिहिलं: श्री. यॉस्ट यांनी विरोध नोंदवला.

अकरा वर्षांचा एक मुलगा, माइकपर्यंत पोचेना.
"माझा ससा चार दिवसांत मेला.
मिस्टर ह्रुष्कांनी पैसे परत दिले नाहीत.
पण त्याला पुरलं तेव्हा ते आले होते."
बाजूनं की विरोधात?
अध्यक्षांनी विचारलं. त्यानं आईकडे पाहिलं.
मी तो रकाना कोरा सोडला.

"मासे का वगळले?"
वकील म्हणाले, माशांबद्दल तक्रार आलेली नाही.
मी लिहिलं: मासे, तक्रार नाही.

माझं नाव वक्त्यांच्या यादीत नसतं.
असतं तर तीन मिनिटांत काय सांगितलं असतं?
घटस्फोटाच्या कागदांवर सही करून परतताना
ह्रुष्काच्या काचेआड एक काळी कुत्री दिसली होती.
पेपर. चौदा वर्षं जगली.
खुबे जन्मापासूनच सैल; पायऱ्या चढताना थांबायची,
मागे वळून बघायची, मीच तिला थांबवल्यासारखी.
तिची आई कुठल्या जाळीवर उभी असेल,
मी कधी विचारलं नाही.
असं काही विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर.
एकशे ऐंशी दिवसांनी लागू.
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी खुर्ची ढकलून निघून गेलं.
वेंडेल मात्र थांबला, माझ्याबरोबर खुर्च्या मिटत.
अकराव्या की बाराव्या खुर्चीला म्हणाला,
"मासे चालतील ना?"
चालतील, म्हटलं.
"मासे कुणी हाक मारायला घेत नाही," म्हणाला,
आणि पुढची खुर्ची उचलली.

घरी जाताना त्याच्या दुकानापाशी गाडी हळू केली.
शटर अर्धं, आत दिवा.
काचेआड एकच पिल्लू, चहाच्या रंगाचं,
फाडून अंथरलेल्या वर्तमानपत्रावर.
आजच्या सभेची जाहीर सूचना, मीच टाइप केलेली:
"याद्वारे कळविण्यात येते की"
तेवढंच दिसत होतं, बाकीचं त्याच्या पोटाखाली.

मी उतरले. काचेपर्यंत गेले.
बोट नाही लावलं.
टकटक करू नये,
अशी पाटी आहे तिथे, पहिल्यापासून.